नऊ दिवस कुलपात

९ फेब्रुवारी

धाकटे,

टाक्यांची जागा अजून ओढते का? जड उचलू नकोस, शाळेतल्या वह्यांचे गठ्ठे तर मुळीच नाही. तिथे शिपाई कशाला ठेवलाय?

फोनच करणार होते. पण तू फोन घेतेस तेव्हा भाऊजी समोर बसलेले असतात, आणि मला विचारायचंय ते त्यांच्याबद्दलच. म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर. वर्गात वाचू नकोस, पोरं लगेच तोंडाकडे बघतात.

आपल्या पेंटरने तुरुंगाच्या लोकांवर दावा लावलाय. तिघांवर: मोठे साहेब, कंपाउंडर आणि 'ड्यूटीवरचे इतर कर्मचारी'. आत बसून, डाव्या हाताने, अकरा पानं लिहिली. आपल्या ज्या भावाच्या अक्षरासाठी लोक महिना महिना थांबायचे, त्याची ती अक्षरं लावायला वकीलबाईंना दोन दिवस लागले. उजवा हात गेलाय, धाकटे. मी तुला 'थोडा दुखावलाय' सांगितलं होतं, ते खोटं होतं. तू नुकती ऑपरेशनमधून उठलेली, तुला काय सांगायचं? गोळ्या बंद झाल्या आणि त्याला फिट येऊ लागल्या. दिवसाला दोन-दोन, तीन-तीन. साहेब म्हणाले, नाटकं करतोय, बांधा. हात खाटेच्या दांडीला बांधलेला आणि त्यातच फिट आली. खांदा निखळला, नस गेली. आता हात नुसता लोंबतो. चहाचा कप पुढे केला तर डावा येतो.

आणि भांडणात त्या माणसाचं डोकं नेमकं कुणी फोडलं, ते अजून कोर्टात ठरायचंय! जामीनदार मिळाला नाही एवढ्याच गुन्ह्यावर तो आत आहे.

आता तुरुंगाचं उत्तर आलंय. गोळ्या आल्याच नाहीत, रजिस्टरला नोंद नाही, बंदी नाटक करत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

गोळ्या मी दिल्या होत्या. बारा नोव्हेंबरला. तुरुंगाच्या खिडकीपुढे तीन तासांची रांग होती आणि चष्म्याच्या दुकानात मालकाने अर्धाच दिवस सुटी दिली होती, काचा घासायच्या पडल्या होत्या. तेवढ्यात भाऊजी ड्यूटीच्या गणवेशात गेटातून बाहेर आले. म्हणाले, ''ताई, तुम्ही कशाला उभ्या राहता? आणा इकडे, मी देतो कंपाउंडरकडे.'' मी दिल्या. घरचा माणूस असताना रांगेत कोण उभं राहतं?

वकीलबाईंना मी अजून भाऊजींचं नाव सांगितलेलं नाही. 'गेटवर दिल्या' एवढंच म्हटलंय. पेंटरलाही तेवढंच माहीत आहे. त्याच रात्री तुला पोटात कळा आल्या, पुढचे नऊ दिवस तो माणूस दवाखान्यातून हलला नाही. लाखात एक नवरा आहे तुझा, त्याच्या नावाला डाग लागावा असं मला वाटत नाही. फक्त एवढं विचार: गोळ्या कंपाउंडरच्या हातात दिल्या ना? बाकी मी बघते.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचलं. लहानपणी माझ्या पाटीवर माझं नाव काढून द्यायचा तो. तोच हात ना?

ह्यांना विचारलं. म्हणाले, त्याच संध्याकाळी कंपाउंडरकडे दिल्या. पुढे त्याने काय केलं ते ह्यांना माहीत नाही, कारण हे रजेवर गेले, माझ्यापायी.

ताई, ह्यांचं नाव कुठे येणार नाही ना? खिडकी सोडून हातोहात काही घ्यायची सक्त मनाई आहे. नुसतं तेवढ्यावरून नोकरी जाते. नोकरी गेली की क्वार्टर गेलं. थोरलीची यंदा बोर्डाची परीक्षा आहे. तू समजून घेशीलच, तुला मी काय सांगू.

टाके बरे आहेत.

तुझी धाकटी


६ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं आणि माझ्या जिवात जीव आला. लगेच वकीलबाईंकडे गेले. सांगितलं, पाकीट कंपाउंडरपर्यंत पोचलं होतं, मला खात्रीची खबर आहे. कुणाची ते विचारू नका. बाई हुशार आहेत, त्यांनी विचारलं नाही, पण अर्ज मात्र असा खरमरीत टाकला की तुरुंगाच्या वरच्या ऑफिसातून चौकशी आली. आता तो म्हातारा कंपाउंडर बसलाय बोंबलत. बसू दे! नऊ दिवस एक माणूस डोळ्यांपुढे तडफडतो आणि ह्याला त्याच्या गोळ्या आठवत नाहीत?

शनिवारी भेटीला गेले होते. जाळीच्या पलीकडे पेंटर अगदी मजेत. म्हणे, ''डाव्या हाताने काढलेलं 'क' कुबडं येतं, पण 'ळ' झकास जमतं. आता फक्त 'ळ' असलेल्याच पाट्या घेणार.'' मी हसले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

त्यांनी तडजोडीचा निरोप पाठवलाय. दावा मागे घ्या, जामीनदार आम्ही मिळवून देतो. मी म्हटलं, अरे घे, बाहेर ये, डॉक्टरला हात दाखवू. तर म्हणाला, ''ताई, मला त्यांच्याकडून काही नको. कोर्टाने एक ओळ लिहून द्यावी, की हा माणूस नाटक करत नव्हता. मी लघवीत पडलेलो असायचो आणि ते दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे. 'वा, पेंटर, पुन्हा एकदा!' म्हणायचे. ती ओळ मिळाल्याशिवाय मी इथून हलत नाही.''

एवढ्या एका ओळीसाठी चाललंय सगळं.

भाऊजींना माझा नमस्कार सांग. त्यांचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही, घेणार नाही.

तुझी ताई


२१ मार्च

ताई,

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

कंपाउंडरकाकांना निलंबित केलं. ते आमच्या शेजारचेच, भिंतीला भिंत लागून. मी दवाखान्यात होते तेव्हा काकूंनी माझी पोरं सांभाळली होती. काल काकू आल्या आणि म्हणाल्या, ''अगं, ह्यांच्या हातात गोळ्या आल्याच नव्हत्या. ह्यांनी तर दोनदा साहेबांना चिठ्ठी दिली, की हे खरं दुखणं आहे, पेशंटला मोठ्या दवाखान्यात पाठवा. साहेबांनी चिठ्ठ्या फाडल्या. कोण सांगतंय गं हे खोटं?'' मी चहा ठेवायला म्हणून आत गेले ते बाहेरच आले नाही.

ताई, मी ह्यांना विचारलंच नव्हतं. मला भीती वाटली. विचारलं तर उत्तर मिळेल अशी भीती. म्हणून 'दिल्या म्हणाले' असं आपलं लिहून टाकलं.

काल रात्री विचारलं. आधी कानावर हात ठेवले. मग सांगितलं.

त्या दिवशी कंपाउंडरकाका लवकर घरी गेले होते. उद्या देऊ म्हणून ह्यांनी पाकीट आपल्या कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं. त्याच रात्री मला कळा सुटल्या. किल्ली ह्यांच्या खिशात, हे माझ्या उशाशी, आणि गोळ्या कपाटात. नऊ दिवस.

तू रविवारी दवाखान्यात मला बघायला आलीस, सफरचंदं घेऊन. जाताना दारात ह्यांना विचारलंस, ''गोळ्या पोचल्या ना?'' हे ''हो हो'' म्हणाले. तेव्हा ह्यांना आठवलं. म्हणजे चौथ्या दिवशी ह्यांना माहीत होतं, ताई. कुणाला फोन करून कुलूप तोडायला सांगितलं असतं तर हातोहात घेतल्याचं उघड झालं असतं. म्हणून उद्या जाऊ, परवा जाऊ करत बसले. एवढं काही होणार नाही असं वाटलं म्हणे. दहाव्या दिवशी कामावर गेले तर पेंटर बांधलेला. पाकीट ह्यांनी गटारात टाकलं.

माझ्या उशाशी बसून हा माणूस माझे पाय चेपत होता. मी काय करू ते तूच सांग. काकांचं खरं काय ते कर, पण ह्यांना वाचवता आलं तर बघ. माझ्या पोरींकडे बघ.

धाकटी


२५ मार्च

धाकटे,

पत्र दुकानात वाचलं. हातातली काच फुटली, मालकाने माझ्या पगारात लावली. लावू दे.

ह्यांना वाचव म्हणतेस? कोणत्या तोंडाने? चौथ्या दिवशी त्या माणसाने नुसती किल्ली पाठवली असती तर माझ्या भावाचा हात आज त्याच्या अंगाला असता! बांधला सातव्या दिवशी. मधे तीन दिवस होते. तीन दिवस! मी त्याला सफरचंद कापून दिलं होतं, आणि त्याने ते माझ्यासमोर बसून खाल्लं.

आणि तू. 'दिल्या म्हणाले.' दोन शब्द लिहिलेस आणि मी एका म्हाताऱ्याची नोकरी घालवून आले. ज्याने पेंटरसाठी दोनदा चिठ्ठी दिली, त्याच्याच मानेवर सुरी. आता मी त्या काकूंना कुठे तोंड दाखवू?

रात्रभर तुला शिव्या दिल्या. मग पहाटे माझंच मला कळलं, की आपलेच दात आणि आपलेच ओठ. खिडकीपुढे तीन तास उभी राहिले असते तर हातात पावती मिळाली असती आणि पेंटरला गोळ्या. ओळखीचा माणूस दिसला की आपण रांग सोडतो. मी सोडली. आणि वर भाऊजींचं नाव चार महिने पदराखाली झाकून बसले, तुझं घर मोडू नये म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी खाल्ला असता तर ठीक होतं, पण खात होता तो.

वकीलबाईंना आज सगळं सांगितलं. माझं, भाऊजींचं, तुझ्या पत्राचं. त्या म्हणाल्या, पत्रावर भागणार नाही, माणूस उभा राहायला हवा. साक्ष बावीस एप्रिलला आहे. भाऊजींना समन्स येईल. त्यांनी खरं सांगितलं तर कंपाउंडर सुटेल आणि पेंटरला त्याची ओळ मिळेल. नाही सांगितलं तर दावा गेला.

पोरींकडे बघ म्हणालीस. बघितलं. पोरी माझ्याही आहेत. तरीही.

ताई


८ एप्रिल

ताई,

समन्स आलं त्या दिवशी साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. चहा पाजला. म्हणाले, एकच वाक्य बोल, 'कुणी काही दिलं नाही.' नोंद नाही, पाकीट नाही, बाई नात्यातली, भावासाठी खोटं बोलणारच. बढतीची फाइल माझ्याच टेबलावर आहे.

हे घरी आले आणि मला म्हणाले, तसंच बोलणार.

खरं सांगते, मला पहिल्यांदा बरं वाटलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. नंतर भांडी घासत होते. भिंतीपलीकडून काकांचा खोकला ऐकू येत होता. तो माणूस दिवसभर घरात असायची कुणाला सवय नाही, त्याला स्वतःलासुद्धा नाही. आणि माझ्या मनात आलं, की नऊ दिवस नवरा माझ्याजवळ होता म्हणून मी किती मिरवले! शाळेत बायकांना सांगत सुटले होते.

मी येते. ह्यांनी मला जे सांगितलं ते मी कोर्टात सांगते. वकीलबाईंना विचार, बायकोचं ऐकतात का. ह्यांना अजून बोलले नाही. कोर्टातच कळेल.

पोरींना त्या दिवशी काकूंकडे ठेवणार आहे. बघ कशी मी.

धाकटी


२० जून

ताई,

निकाल लागला असेल ना? इथे मला कुणी काही सांगत नाही.

मी पिंजऱ्यातून उतरल्यावर ह्यांना उभं केलं, आणि हे 'होय, खरं आहे' म्हणाले, ते तू ऐकलंसच. मला वाटलं होतं, घरी येऊन ओरडतील, हात उगारतील, काहीतरी करतील. काही नाही. बॅग भरली आणि थोरल्या दिरांकडे निघून गेले. दोन महिने झाले. पोरींना फोन करतात. मी घेतला की ठेवून देतात.

बडतर्फीचा कागद दाराला चिकटवून गेले. क्वार्टर महिनाअखेरपर्यंत सोडायचंय. काकांना परत कामावर घेतलं, तेवढं एक बरं झालं. पण काकू आता माझ्याशी नुसतं कामापुरतं बोलतात.

पेंटरने ती ओळ वाचली का? तो काय म्हणाला ते लिही.

धाकटी


२४ जून

धाकटे,

निकाल सोमवारी लागला. तुला कळवायला चार दिवस घेतले, कारण कळवायचं काय ते मलाच कळेना.

ओळ मिळाली. चौदाव्या पानावर आहे. 'वादीचा आजार खरा होता. तो नाटक करत होता या म्हणण्याला कोणताही आधार नाही.' पुढचं पान मात्र वाचवत नाही. गोळ्या नात्यागोत्यात, नियम डावलून, हातोहात दिल्या गेल्या. तुरुंगाला त्यांची माहिती नव्हती. सबब साहेबांवर जबाबदारी येत नाही. बांधणं सुरक्षेसाठी होतं. काकांच्या चिठ्ठ्यांचं म्हणशील, तर फाडलेल्या कागदाचा पुरावा काय? दोष दोघांचा: भाऊजींचा, आणि 'निष्काळजी वागलेल्या वादीच्या बहिणीचा'. असं लिहिलंय, माझ्या नावानिशी. साहेब हसत हसत पायऱ्या उतरले. वकीलबाई अपील करू म्हणतात.

मंगळवारी कागद घेऊन पेंटरकडे गेले. चौदावं पान जाळीला लावलं. त्याने वाचलं. मग मला मोठ्याने वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा. शेजारच्या जाळीवर एक म्हातारा भेटीला आला होता, त्यालाही ऐकवलं. तो आत गेल्यापासून इतका आनंद त्याच्या तोंडावर मी बघितला नव्हता. मला वाटलं, आपण जिंकलो.

मग त्याने पुढचं पान मागितलं. साक्षीच्या दिवशी त्याला कोर्टात आणलं नव्हतं, आणि भाऊजींचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, ते राहू दे, कायद्याचं आहे. म्हणाला, दाव. दाखवलं.

बराच वेळ वाचत होता. मग शांतपणे विचारलं, ''गोळ्या कुणाकडे दिल्यास ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?''

''हो.''

''जानेवारीत, मी अकरा पानं लिहिली तेव्हाही? मी डोकं खाजवत होतो, गेटवर कोण असेल, कोण असेल. तू समोर बसून ऐकत होतीस.''

मी म्हटलं, ''अरे, धाकटीचं घर मोडलं असतं.''

तो म्हणाला, ''आणि मी?''

एवढंच. ओरडला नाही. ओरडला असता तर मी काहीतरी बोलले असते. उठला, स्वतःच हवालदाराला हाक मारली आणि आत गेला. भेटीची दहा मिनिटं शिल्लक होती, ती मी तिथेच बसून घालवली. काल पुन्हा गेले. नाव पुकारलं. हवालदार एकटाच परत आला आणि म्हणाला, ''येत नाही म्हणतात, बाई.''

तू विचारलंस तो काय म्हणाला, म्हणून हे लिहिलं.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. भाऊजींना तर नाहीच. आणि तू तरी मला का करावंस? मी गप्प बसले नसते तर तुझं घर चार महिने आधीच मोडलं असतं आणि त्यात निदान काकांचा बळी गेला नसता. आता कुणी कुणाचं काय मोडलं ह्याचा हिशोब मला लागत नाही, आणि लावायचाही नाही.

महिनाअखेर म्हणजे सहा दिवस राहिले. खोली शोधत फिरू नकोस, पोटात अजून टाके ओढत असतील. सामान दुकानाच्या हातगाडीवरून आणू, मी मालकाला विचारलंय. थोरलीचं कॉलेज इथून लांब पडेल, पण बस आहे. माझ्याकडे ये. भांडायचं असेल तर समोरासमोर भांडू, पत्रात नको.

दोघी पोरींना पेंटरच्या खोलीत झोपवू. त्याचे रंगाचे डबे मी उचलून माळ्यावर ठेवले आहेत. खरं तर त्याला विचारायला हवं होतं, पण तो भेटायला येत नाही.

ताई